साहेबाचा आवाज का चढतो

हरसूलकडून नाशिकला येताना वाटेत गिरणारे लागतं. द्राक्षाच्या हंगामात तिथल्या नाक्यावर सकाळी पाय ठेवायला जागा नसते. त्र्यंबकेश्वर आणि पेठ तालुक्यांतल्या पाड्यांवरून आलेले मजूर डब्याच्या पिशव्या घेऊन उभे असतात आणि समोर मळेवाल्यांच्या पिकअप. रोज ठरतो, माणसं चढतात, गाडी निघते. उद्या त्याच मळ्यात जायचं की दुसऱ्याच्या, हे मजूर उद्या ठरवणार. ज्या मळ्याचा मालक दिवसभर आई-बहिणीवरून बोलतो, त्याच्या गाडीत ऐन छाटणीच्या दिवसांत कोण चढेल? चढला तरी दुसऱ्या दिवशी तोंड फिरवील. नाक्यावर बातमी पसरायला वेळ लागत नाही, आणि छाटणी चार दिवस लांबली तर नुकसान मालकाचं होतं. त्यामुळे मूळचा तापट माणूससुद्धा तिथे जिभेला थोडा आवर घालतो.

शेजारच्या इगतपुरी तालुक्यात उभाडे नावाचं गाव आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या कातकरी वस्तीतली जेमतेम दहा वर्षांची एक मुलगी मरणाच्या दारात असलेल्या अवस्थेत घरी परतली आणि नाशिकच्या रुग्णालयात दगावली. आईबापांनी तिला नगर जिल्ह्यातल्या एका मेंढपाळाकडे कामाला ठेवलं होतं. मोबदला वर्षाला काही हजार रुपये आणि एखादी मेंढी. त्यानंतर चौकशीत अशी आणखी मुलं सापडत गेली. श्रमजीवी संघटनेने प्रकरण लावून धरलं आणि घोटी पोलिसांत वेठबिगारीविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. त्या मुलीला उद्या कुठे जायचं हे ठरवता येत नव्हतं. तिची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतली गेली होती.

मळेवाला आणि मेंढपाळ यांच्या स्वभावांत मुळात जमीन-अस्मानाचा फरक असेल, असं मला वाटत नाही. फरक आहे तो हाताखालच्या माणसाला निघून जाता येतं की नाही, यात. वरिष्ठांच्या छळाविषयी आपण बोलतो तेव्हा डोळ्यांसमोर बहुधा काचेच्या इमारतीतलं ऑफिस असतं आणि उत्तरही ठरलेलं असतं: साहेबाचा स्वभावच तसा. पण नाशिक शहरातून निघून पोलीस अकादमीसमोरून, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीवरून आणि अंजनेरीच्या पायथ्याने त्र्यंबकला पोचणाऱ्या तीसेक किलोमीटरच्या एका रस्त्यावर कारखाना, सरकारी कार्यालय, लॉज, बांधकाम, मळा अशी सगळी कामाची ठिकाणं आहेत. प्रत्येक ठिकाणी तापट माणसं असणारच. छळ मात्र सगळीकडे सारखा फोफावत नाही.

स्वभावाचं कारण लंगडं वाटण्याजोगी एक गोष्ट आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. शिपायावर, लिपिकावर, शिकाऊ पोरावर खेकसणारा साहेब आयुक्तांचा फोन आला की उभा राहून बोलतो. राग खरोखर अनावर असता तर तो आयुक्तांवरही निघाला असता. म्हणजे राग माणूस पाहून निघतो. जो उलटून बोलू शकत नाही आणि उठून जाऊही शकत नाही, तो बरोबर सापडतो.

अमेरिकेतल्या बेनेट टेपर या अभ्यासकाने २००० साली या वागण्याची एक व्याख्या केली. ती आजही बहुतेक संशोधनाच्या मुळाशी आहे. वरिष्ठाने सतत, पुन्हा पुन्हा शब्दांतून किंवा वागण्यातून शत्रुत्व दाखवणं आणि हाताखालच्यांना ते तसं जाणवणं, असा तिचा आशय. मारहाण त्यात धरलेली नाही. टेपरच्या प्रश्नावलीतल्या गोष्टी आपल्याला परक्या वाटणार नाहीत: चारचौघांत अक्कल काढणं, जुनी चूक उकरून काढत राहणं, दुसऱ्याच्या कामाचं श्रेय लाटणं, स्वतःची लाज झाकायला दोष हाताखालच्यावर ढकलणं, दिलेला शब्द मोडणं, बोलणंच बंद करणं. या शेवटच्या प्रकाराला आपण छळ म्हणतसुद्धा नाही. पण एका खोलीत आठ तास बसून साहेबाने आपल्याला भिंतीसारखं वागवणं किती जिव्हारी लागतं, ते भोगलेल्यालाच विचारावं.

व्याख्येतला ‘सतत’ हा शब्द महत्त्वाचा. एखाद्या दिवशी आवाज चढला म्हणून कोणी छळवादी ठरत नाही. कडक साहेबही निराळा. तो कामावर बोलतो, चूक कुठे झाली ते सांगतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. छळणारा माणसावर बोलतो. त्याच्या जातीवर, गावावर, इंग्रजीवर, कपड्यांवर घसरतो. आपल्याकडे मात्र दोघांनाही एकच प्रमाणपत्र मिळतं: ‘तोंडाने फटकळ आहेत, पण मनाने चांगले.’ या वाक्याच्या आडोशाने किती जणांनी निवृत्तीपर्यंतची वर्षं सुखात काढली असतील!

आता उचल कशी चालते ते पाहू. पावसाळ्यात भात, नागली, वरईची कामं चालू असतात, पण हातात पैसा नसतो. आजारपण येतं, लग्न निघतं. वीटभट्टीचा किंवा ऊसतोडीचा मुकादम अशा वेळी रक्कम हातावर ठेवतो. कुठे तिला बयाणा म्हणतात, कुठे उचल. दिवाळीनंतर ती कामातून फेडायची. हंगामात आठवड्याला फक्त खर्ची मिळते, हिशेब शेवटी होतो आणि वही मुकादमाकडे असते. पैसे फिटले की नाही हे तोच सांगणार. मधेच सोडून जायचं म्हटलं तर उचल परत करा, आणि ती तर कधीच खर्च झालेली. नात्यातल्या, पाड्यातल्या कोणीतरी शब्द टाकलेला असतो, त्याचीही अडचण होते. अशा माणसाला शिवी देणाऱ्याला ती शिवी फुकट पडते.

ऊसतोडीत या हिशेबाने काय केलं, ते बीड जिल्ह्याने पाहिलं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस खाडा झाला तर दंड, आणि तो उचलीत चढणार. पाळीच्या दिवसांतही सुटी परवडत नाही म्हणून बायका गर्भाशयच काढून घेतात, अशा बातम्या २०१९ मध्ये आल्या. त्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. तपासणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. यात खासगी दवाखान्यांचा वाटा होता, अज्ञानाचा होता. पण ज्या कामात एक दिवस बसता येत नाही, त्याचाही होता. तिथे मुकादमाला ओरडावंसुद्धा लागत नाही, त्याची वही पुरे.

कायद्याला हे फार पूर्वी कळलं आहे. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने अशी कर्जं रद्द ठरवली, गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली आणि जिल्ह्यांत आणि उपविभागांत दक्षता समित्या नेमायला सांगितल्या. १९८२ मध्ये दिल्लीतल्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवतींच्या पीठाने त्याहून पुढचं पाऊल टाकलं. राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमातली सक्ती म्हणजे केवळ लाठीची सक्ती नव्हे. भूक आणि दारिद्र्य माणसापुढे दुसरा पर्यायच ठेवत नसतील, तर तीही सक्तीच. किमान वेतनाहून कमी पैशांत कोणी राबत असेल तर ते सक्तीचं काम समजावं, असं न्यायालय म्हणालं. मला हा निकाल व्यवस्थापनशास्त्राच्या कित्येक पुस्तकांपेक्षा मोलाचा वाटतो. छळाचा शोध त्याने छळणाऱ्याच्या डोक्यात न घेता छळ होणाऱ्याच्या परिस्थितीत घेतला.

मुंबईच्या गिरण्यांनी हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर पाहिली होती. गिरणीमालकाला कामगाराचं नावही ठाऊक नसायचं. माणसं आणायची, लावायची, काढायची ती मुकादमाने, म्हणजेच जॉबरने. कोकणातून, घाटावरून आलेला पोरगा त्याच्या ओळखीने खात्यात लागायचा, बहुतेकदा त्यानेच दाखवलेल्या खोलीत राहायचा, अडीनडीला त्याच्याकडूनच व्याजाने पैसे घ्यायचा आणि काम टिकवायला त्याला दस्तुरी द्यायचा. वाइंडिंग आणि रीलिंगसारख्या खात्यांत बायकांवर नाइकीण असे, तिचाही कारभार असाच. एकाच माणसाच्या हातात नोकरी, घर आणि कर्ज असल्यावर तो कसा वागत असेल, हे सांगायला नको. १९२९ ते १९३१ या काळात भारतभर फिरलेल्या व्हिटली आयोगाने जॉबरच्या हातातून माणसं लावण्या-काढण्याचा अधिकार काढून घ्या, अशी स्पष्ट शिफारस केली. १९३४ च्या कायद्याने मुंबईत सरकारी लेबर ऑफिसर आला, पुढच्याच वर्षी बदली कामगारांच्या भरतीवर नियंत्रण आणणारी योजना आली. शिव्या देऊ नका, असा नियम कोणी केला नाही. किल्ली काढून घेतली.

या कहाणीला दुसरी बाजू आहे आणि ती इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी नेमकी दाखवली. जॉबर वाटतो तितका सर्वशक्तिमान नव्हता. त्याची पत मालकाकडे होती ती माणसं आणून देण्यामुळे. माणसंच त्याला सोडून दुसऱ्या जॉबरकडे गेली किंवा खातं बंद पडलं, तर तोच रस्त्यावर यायचा. वस्तीतही त्याला राहायचं असे, तिथल्या लोकांच्या नजरेत राहायचं असे. म्हणून ज्या दिवसांत गिरण्यांना माणसं कमी पडत, त्या दिवसांत जॉबर दमाने घेई. दारात बदली कामगारांची रांग लागली की त्याच माणसाचा आवाज बदले.

आता ऑफिसकडे वळू. इथे उचल नसते असं आपण समजतो. पगार महिन्याला बँकेत, राजीनामा द्यायला कोणी अडवत नाही. खरंच? घराचा हप्ता वीस वर्षांचा. आयटीत आणि वित्त कंपन्यांत नोटिशीची मुदत बहुधा नव्वद दिवसांची, आणि ती संपल्यावर जुन्या कंपनीने कार्यमुक्तीचं पत्र दिलं तरच नवी कंपनी दारात घेणार. शिकाऊ म्हणून लागलेल्याकडून दोन वर्षांचा बाँड. पहिल्या नोकरीतून सहा महिन्यांत बाहेर पडलं तर पुढच्या मुलाखतीत तेच पहिलं विचारतात. सरकारी नोकरीत तर निघून जाण्याची कल्पनाच नाही. तिथे साहेबाकडे गोपनीय अहवाल असतो, रजेवरची सही असते, प्रवासभत्त्याचं बिल असतं आणि बदली असते. त्र्यंबक तालुक्यातल्या दुर्गम पाड्यावरच्या शिक्षिकेला किंवा आरोग्यसेविकेला बदलीची धमकी नुसती सूचित केली तरी पुरतं. मुलांची शाळा, सासूचं औषधपाणी, नवऱ्याची नोकरी, सगळं त्या एका कागदाला टांगलेलं.

मेळघाट व्याघ्र प्रकल्पात हरिसालला वनपरिक्षेत्र अधिकारी असलेल्या दीपाली चव्हाण यांनी २५ मार्च २०२१ रोजी आत्महत्या केली. त्यांनी मागे ठेवलेल्या पत्रात वरिष्ठ उपवनसंरक्षकावर गंभीर आरोप होते: सर्वांसमोर अपमान, शिवीगाळ, गरोदरपणातही जंगलात पायी फिरायला लावणं, पगार अडवणं. त्या अधिकाऱ्याला दुसऱ्या दिवशी नागपूर रेल्वे स्थानकावर अटक झाली. आरोपांचा निवाडा करणं न्यायालयाचं काम आहे. आपण बघायची गोष्ट वेगळी. पत्र लिहिलं होतं ते त्याहून वरच्या अधिकाऱ्याला, आणि आपण आधी तक्रार केली होती, ती ऐकली गेली नाही, असं त्यात म्हटलं होतं. दीपाली यांना कोणी घाबरट म्हणू शकलं नसतं. जंगलातल्या गुन्हेगारांशी दोन हात करणारी अधिकारी म्हणूनच त्यांची ओळख होती. धाडसी माणसालाही जेव्हा बाहेरची वाट आणि वरची वाट अशा दोन्ही बंद दिसतात, तेव्हा उरतो तो तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

पुण्यात जुलै २०२४ मध्ये एका बड्या लेखापरीक्षण संस्थेत नुकत्याच रुजू झालेल्या सव्वीस वर्षांच्या सनदी लेखापाल तरुणीचा मृत्यू झाला. नोकरीला लागून जेमतेम चार महिने झाले होते. तिच्या आईने संस्थेच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये बाहेर आलं आणि देशभर चर्चा झाली. कामाचा न संपणारा ताण आणि रात्री-अपरात्री, सुटीच्या दिवशीही दिली जाणारी कामं, अशी तक्रार त्यात होती. त्यानंतर राज्याच्या कामगार खात्याने कार्यालयाची पाहणी केली, तेव्हा कळलं की २००७ पासून चालू असलेल्या त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. म्हणजे दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा ज्या कायद्यात होती, त्याच्या दप्तरी हे कार्यालय अस्तित्वातच नव्हतं. इथे कोणी एक साहेब खलनायक होता की नाही, हा प्रश्न मला गौण वाटतो. सतरा वर्षं कोणी दारात येऊन विचारलं नव्हतं.

तरीही प्रत्येक वरिष्ठ असा वागत नाही, मग काही जणच का वागतात? यावर बरंच संशोधन आहे आणि त्यातला एक धागा मला फार पटतो. नथानेल फास्ट आणि सेरेना चेन या मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दाखवलं, की नुसत्या अधिकाराने माणूस आक्रमक होत नाही. अधिकार आहे पण आपण त्याला पुरे पडत नाही अशी आतून भीती आहे, तेव्हा तो आक्रमक होतो. अशा लोकांना स्वतःविषयी बरं वाटेल असं काही ऐकायला मिळालं की त्यांचा तिखटपणा कमी झाला. आपल्याकडे बढती कशी मिळते ते आठवा. कारखान्यातला उत्तम फिटर सुपरवायझर होतो, हुशार प्रोग्रामर टीम लीड होतो, ज्येष्ठ लिपिक अधीक्षक होतो. यंत्राशी, संगणकाशी, फाइलशी ज्याचं छान जमत होतं, त्याच्या हवाली एके दिवशी वीस माणसं केली जातात आणि माणसांशी कसं बोलावं हे त्याला कोणीही शिकवत नाही. काल जो बरोबरीचा होता तोच आज प्रश्न विचारतो, उत्तर येत नाही, मग आवाज चढतो.

झोपेचंही आहे. ख्रिस्तोफर बार्न्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये वरिष्ठांच्या रोजच्या झोपेची आणि वागण्याची नोंद ठेवली. रात्री नीट झोप न झालेला वरिष्ठ दुसऱ्या दिवशी जास्त तोडून बोलत होता आणि त्या दिवशी त्याच्या गटाचं कामातलं लक्षही उडालेलं होतं.

आणि वरून येणारा दाब. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबकमध्ये रस्ते, पूल, घाट अशी कामं निघालेली आहेत. पर्वणीची तारीख पुढे ढकलता येत नाही. मंत्री अधिकाऱ्याला झापतात, अधिकारी ठेकेदाराला, ठेकेदार उपठेकेदाराला, तो मुकादमाला. शेवटी सगळं येऊन पडतं घमेलं उचलणाऱ्या बाईवर. वड्याचं तेल वांग्यावर, हे आपली आजी सांगत आली. अभ्यासकांनी अलीकडे ते आकड्यांत मांडलं. ज्यांचे वरिष्ठ त्यांना छळतात, ते आपल्या हाताखालच्यांना जास्त छळतात, असं एकापेक्षा अधिक पाहण्यांत दिसलं आहे. साखळी कामाच्या ठिकाणी संपतही नाही. होब्लर आणि ब्रास यांनी २००६ मध्ये नोकरदारांच्या घरच्यांनाच विचारलं, तेव्हा ज्यांचा साहेब छळणारा त्यांच्या घरी खेकसणं आणि टोचून बोलणं जास्त आढळलं. लहान मुलांनी ज्याला कधी पाहिलंही नाही, असा एक माणूस रोज रात्री त्यांच्या जेवणाच्या वेळी घरात असतो.

शरीरावरचे परिणाम लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर चाळीसेक वर्षं चाललेल्या व्हाइटहॉल अभ्यासाने नोंदले. त्यातल्या ६,४४२ पुरुषांची माहिती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याला वरिष्ठांकडून न्यायाने वागवलं जातं असं सांगणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा सुमारे ३५ टक्के कमी होता. धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब असे नेहमीचे घटक हिशेबात धरूनही हा फरक उरला.

‘भीती असल्याशिवाय काम होत नाही’ असं मानणाऱ्यांसाठी इस्राएलचा एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागातल्या २४ पथकांना एका आजारी बाळाच्या पुतळ्यावर उपचार करायला सांगितलं. काही पथकांना सुरुवातीला एका परदेशी तज्ज्ञाने तुमच्या देशातल्या डॉक्टरांचा दर्जा बेताचाच, अशा अर्थाचं चार वाक्यांत ऐकवलं. बस्स, एवढंच. त्या पथकांचं निदान आणि उपचार दोन्ही घसरले, कारण माणसं एकमेकांना माहिती सांगेनाशी आणि मदत मागेनाशी झाली. खड्डे मोजायचे, विटा मोजायच्या, तिथे भीतीने काही दिवस आकडा वाढतोही. पण चूक वेळेवर सांगावी लागते अशा प्रत्येक कामात भीती चूक लपवायला शिकवते. एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात रुग्णालयांत उलटंच चित्र दिसलं होतं: चांगल्या प्रमुखांच्या विभागांत औषधांच्या चुका जास्त नोंदल्या जात होत्या. तिथे त्या घडत जास्त नव्हत्या, सांगितल्या जात होत्या.

मग अशा साहेबांना नोकरीवर ठेवतात कसे? कारण त्यांचा फायदा दिसतो आणि तोटा पसरतो. मार्चअखेरचं उद्दिष्ट पुरं झालेलं वरच्यांना कागदावर दिसतं. सोडून गेलेली तिघं, मधुमेह जडलेला एक, घरी मुलांवर हात उगारणारा एक, या गोष्टी कुठल्याच ताळेबंदात येत नाहीत.

कायदा काय म्हणतो? लैंगिक छळ असेल तर २०१३ चा कायदा स्पष्ट आहे: दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे अंतर्गत समिती, त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती. त्र्यंबकसारख्या देवस्थानाच्या गावात लॉज, खानावळी, पूजासाहित्याची दुकानं अशी बहुतेक ठिकाणं चार-सहा माणसांचीच, त्यामुळे तिथल्या बाईने जायचं ते नाशिकला, स्थानिक समितीकडे. जातीवरून अपमान असेल तर अॅट्रॉसिटी कायदा आहे. पण साधा, रोजचा, जात-लिंग न काढता केलेला छळ? त्यासाठी भारतात वेगळा कायदा नाही. जीव गेला तरच आत्महत्येस प्रवृत्त केल्याचं कलम आठवतं आणि तेही कोर्टात क्वचित टिकतं. औरंगाबादच्या शिक्षण उपसंचालक कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याच्या आत्महत्येनंतर वरिष्ठावर दाखल झालेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केला. जास्त काम देणं, अवेळी बोलावणं, महिन्याचा पगार थांबवणं एवढ्यावरून मरणाला प्रवृत्त करण्याचा हेतू होता असं म्हणता येत नाही, असा त्याचा रोख होता. फौजदारी कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. पण मग खून आणि ‘चालायचंच’ या दोहोंच्या मधली सगळी जागा मोकळीच राहते.

इतर देशांनी ती भरायला घेतली आहे. स्वीडनने १९९३ मध्येच नियम केले. कोरियात २०१९ मध्ये आणि जपानमध्ये २०२० मध्ये वरिष्ठांच्या दांडगाईविरुद्ध कायदे लागू झाले. फ्रान्सची गोष्ट अधिक बोलकी आहे. तिथल्या दूरसंचार कंपनीला २२ हजार माणसं कमी करायची होती, पण कायद्याने काढता येत नव्हती. म्हणून माणसं आपण होऊन जावीत असं वातावरण जाणूनबुजून तयार करण्यात आलं. अनेकांनी आत्महत्या केल्या. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने कंपनीचे माजी प्रमुख दिदिए लोंबार यांना दोषी ठरवलं. त्यांनी त्या कामगारांना कधी भेटून शिवी दिली होती असा आरोपच नव्हता. शिक्षा झाली ती धोरणाबद्दल.

आपल्याकडेही साहेबाच्या हातातली एकेक किल्ली काढून घेण्याचे प्रयत्न झाले आहेत. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्याने मुदतीआधी बदली करायची तर कारण लेखी नोंदवणं आवश्यक केलं. २००८ मध्ये देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, असं सांगितलं. गोपनीय अहवालाची जरब त्यातल्या मजकुरापेक्षा तो दिसत नाही यात होती. सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या हिवाळी अधिवेशनात कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक मांडलं होतं. ते संमत झालं नाही.

पण सगळ्यात परिणामकारक ठरलं आहे ते माणसाच्या हाती दुसरा पर्याय असणं. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांनी गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने वेठ करायचं एकाच वेळी नाकारलं, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या चाललेली सावकारांची मारहाण बघता बघता ओसरली. एकट्याने नकार दिला असता तर तो झाडाला बांधला गेला असता. एकजूट जमत नाही तिथे सरकारी काम उपयोगी पडतं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला १९६५ मध्ये सुरू झालेली रोजगार हमी १९७७ मध्ये राज्याचा कायदा झाली आणि २००५ मध्ये देशाचा. तिच्यावरची टीका ठाऊक आहे; बागायतदार म्हणत, मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर ऐकत नाहीत. क्लेमाँ ऍम्बेर आणि जॉन पॅप या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा ही योजना आलेल्या जिल्ह्यांत कोरड्या हंगामातली खासगी मजुरीसुद्धा सुमारे पावणेपाच टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. जो कधी रोहयोच्या कामावर गेलाच नाही, त्याचीही मजुरी वाढली. कारण तो जाऊ शकतो, हे मालकाला कळलं होतं. शिव्या किती टक्क्यांनी घटल्या, ते त्यांनी मोजलं नाही. कोणीतरी मोजायला हवं होतं.